हलक्या सायकलीचा जड हिशेब

“दादा, ह्या पोरानं चांगली सायकल पार खोलून ठेवलीया. ड्रिल घेऊन भोकं पाडत बसलाय. तू येऊन जरा समजाव की त्याला.”

वारणानगरहून धाकट्या बहिणीचा असा फोन आला आणि दुसऱ्याच दिवशी मी कोल्हापुरातून एस. टी. पकडली. मी शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षे लेथवर उभा राहिलेला माणूस. लोखंड, बीड, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या संगतीत आयुष्य गेले. त्यामुळे भाच्याच्या भोकांविषयी मला काळजी थोडी आणि कुतूहल जास्त होते. घरी पोचलो तेव्हा मात्र काळजी वाढली. पोराच्या उजव्या कोपराला पट्टी होती आणि अंगणात अंथरलेल्या पोत्यावर सीटखालची दांडी दोन तुकडे होऊन पडली होती.

भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, मेकॅनिकलला. सुट्टीच्या दिवशी सायकल दुरुस्तीच्या दुकानात राबून त्याने चार पैसे जमवले आणि एक जुनी, गिअरची, वाकड्या हँडलची रेसिंग सायकल विकत घेतली. शर्यतीत उतरायचे त्याच्या मनात होते. सायकल जड आहे, ती हलकी केली पाहिजे, हे त्याने ऐकले होते. एका जगज्जेत्या सायकलपटूच्या सायकलीला जागोजागी भोके पाडलेली होती, हे त्याने चित्रात पाहिले होते. मग काय, मित्राकडून ड्रिल आणले आणि सीटच्या दांडीला ओळीने वीस भोके पाडली. तिसऱ्या दिवशी कोडोलीच्या रस्त्यावर गतिरोधकाला गचका बसला, दांडी मोडली आणि चिरंजीव रस्त्यावर.

“किती ग्रॅम कमी झाले रे?” मी विचारले.

“मोजलं नाही, मामा.”

आम्ही मोजले. दांडी अ‍ॅल्युमिनियमची, जाडी दोन मिलिमीटर, भोक आठ मिलिमीटरचे. एका भोकातून निघालेला धातू पाव ग्रॅमपेक्षा किंचित अधिक. वीस भोकांचे मिळून साधारण साडेपाच ग्रॅम! म्हणजे चहात घालतो त्या एका चमचाभर साखरेएवढे. साखर कारखान्याच्या गावात राहणाऱ्या पोराने चमचाभर साखरेसाठी कोपर फोडून घेतले होते. सुदैवाने मागून उसाची ट्रॉली येत नव्हती.

त्या दिवसापासून पुढचे तीन महिने, दर रविवारी, आम्ही मामा-भाच्यांनी मिळून ती सायकल पुन्हा बांधली. आजकाल पुष्कळ घरांतून मुले-मुली हलक्या सायकलीचा हट्ट धरतात. दुकानात गेले की किंमत ऐकून आईवडिलांचे डोळे पांढरे होतात. नकार द्यावा तर मूल हिरमुसते, होकार द्यावा तर घरचे अंदाजपत्रक कोसळते, आणि पोराने स्वतःच काही करू म्हटले तर असे हाडावर बेतते. म्हणून आम्ही जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

किलोमागे वीस सेकंद

सायकल हलकी कशासाठी हवी, हा पहिला प्रश्न. याचे उत्तर रस्त्यावर अवलंबून आहे.

वारणानगर हे पन्हाळा तालुक्यातले गाव. सहकारमहर्षी तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५९ साली येथे साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि मग दूध, शाळा, कॉलेज असे करीत माळावर गाव वसले. वारणेच्या काठचा रस्ता बराचसा सपाट. पण दक्षिणेकडे वळले की जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळ्याचा घाट. एकाच गावातून सपाटीही मिळते आणि चढही मिळतो. हलक्या सायकलीची परीक्षा घ्यायला याहून बरी जागा कोणती?

सपाट रस्त्यावर सायकल एकदा वेगात आली की सायकलस्वाराची बहुतेक शक्ती समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर हवेशी झुंजायला आठपट शक्ती हवी. तेथे सायकल दोन किलो हलकी असली काय आणि जड असली काय, फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो अंग किती वाकवले, कोपर किती आत घेतले आणि अंगातला शर्ट किती फडफडतो याने.

चढावर मात्र गोष्ट उलटी. तेथे वेग कमी, त्यामुळे हवेचा त्रास कमी. पण प्रत्येक किलो वर उचलावा लागतो. आम्ही कागदावर हिशेब मांडला. स्वाराचे वजन ६० किलो धरले. चढाची उंची ३०० मीटर धरली. स्वार एकसारखी १५० वॅट शक्ती लावतो असे मानले, म्हणजे ६० वॅटचे अडीच बल्ब पेटतील एवढी. हवा आणि घर्षण बाजूला ठेवले. दूधवाले, पेपरवाले वापरतात त्या काळ्या, भक्कम सायकलीचे वजन २० किलो धरले, तर चढाला लागतात २६ मिनिटे ८ सेकंद. सायकल ८ किलोची केली तर २२ मिनिटे १३ सेकंद. बारा किलो कमी केल्यावर वाचली सुमारे चार मिनिटे. भागाकार केला तर किलोमागे वीस सेकंद.

आता यातली मेख पाहा. विसाव्या किलोचे बक्षीस वीस सेकंद, आणि आठव्या किलोचे बक्षीसही वीसच सेकंद. बक्षीस बदलत नाही, किंमत मात्र बदलत जाते. पहिले एक-दोन किलो पान्याने उतरतात, पुढचे काही हजारांनी, आणि शेवटचे लाखांनी. सायकलीची जाहिरात करणारा हे सांगत नाही. ते घरच्या माणसाने सांगायचे असते.

शर्यतीत वीस सेकंदांना मोल नाही असे मात्र कोणी समजू नये. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. अशा ठिकाणी वीस सेकंद म्हणजे राजा आणि प्रजा यांतले अंतर. पण कॉलेजला जाणाऱ्या मुलाला तेच वीस सेकंद दारात चप्पल शोधताना जातात.

भोकाने केलेला घात

भाच्याची दांडी मोडली ती गचक्याने नव्हे. गचका हे निमित्त. मोडलेल्या तोंडाकडे मी भिंग घेऊन पाहायला लावले. भोकाच्या कडेपासून बारीक बारीक रेघा सुरू झाल्या होत्या, नदीचे पाणी ओसरताना वाळूवर उमटतात तशा. बाकीचा भाग मात्र खरखरीत, एकदम तुटलेला. याला धातूचा थकवा म्हणतात. पत्र्याला ताण दिला असता गोल भोकाच्या कडेला तो ताण जवळजवळ तिप्पट होतो. त्या कडेशी, नखाएवढ्या जागेत, चीर जन्म घेते आणि रोजच्या प्रत्येक खड्ड्याबरोबर थोडी थोडी पुढे सरकते. एके दिवशी उरलेला धातू भार पेलू शकत नाही.

पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या स्वभावातला एक फरक येथे ध्यानात घ्यावा. पोलादावर येणारा भार ठरावीक मर्यादेच्या आत असला तर ते लाखो वेळा वाकून पुन्हा सरळ होते, थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. लहान भारसुद्धा त्याच्या खात्यावर जमा होत राहतात. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा भाग बनवताना मुळातच जास्त धातू ठेवतात. आपल्याला तो ‘जास्तीचा’ वाटतो आणि आपण ड्रिल लावतो. तो जास्तीचा नसतो, तो उद्याचा असतो.

मग त्या जगज्जेत्याच्या सायकलीला भोके कशी चालली? तो होता बेल्जियमचा एडी मर्क्स. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत त्याने एका तासात ४९ किलोमीटर ४३१ मीटर अंतर कापून विक्रम केला. सायकल बांधली होती इटलीच्या अर्नेस्टो कोलनागो यांनी. वजन सुमारे पावणेसहा किलो. हँडलला भोके होती, चेनच्या कड्यांनासुद्धा होती. पण ती सायकल एका गुळगुळीत गोल धावपट्टीवर फक्त एक तास चालायची होती. तिला ब्रेक नव्हता, गिअर नव्हते, वाटेत गतिरोधक नव्हता आणि मागून ट्रॉली येणार नव्हती. भाच्याने भोके पाहिली, धावपट्टी पाहिली नाही. दुसऱ्याचे अनुकरण करताना त्याची परिस्थिती वगळून कृती तेवढी उचलली की असेच होते.

धातूंचा स्वभाव

सायकलीची फ्रेम आज मुख्यतः चार वस्तूंची बनते. पोलाद पाण्याच्या पावणेआठपट जड, टिटॅनियम साडेचारपट, अ‍ॅल्युमिनियम पावणेतीनपट, आणि राळेत बसवलेले कार्बनचे धागे जेमतेम दीडपटीहून थोडे अधिक. एवढेच पाहिले तर पोलाद केव्हाच बाद व्हायला हवे होते. पण अ‍ॅल्युमिनियम वजनाला पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाइतके, तसे ताठपणालाही तिसऱ्याच हिश्शाइतके. म्हणून त्याच्या नळ्या जाड व्यासाच्या करतात. नळीचा पत्रा तेवढाच ठेवून व्यास दुप्पट केला तर वाकण्याला तिचा विरोध आठपट होतो. पोकळ बांबू भरीव काठीपेक्षा वजनाच्या मानाने ताठ का असतो, त्याचे उत्तर यातच आहे.

बांबूचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पुण्यात हवाई दलातून निवृत्त झालेले वैमानिक शशीशेखर पाठक यांनी बांबूच्या फ्रेमच्या सायकली हाताने बांधल्या आणि त्यांना ‘बांबूची’ असे नाव दिले. परदेशी कारखान्याच्या तोंडाकडे न पाहता आपल्या मातीतल्या वस्तूपासून सायकल बांधता येते, हे त्यांनी दाखवले.

पोलादातही प्रकार आहेत. साध्या सायकलीला साध्या पोलादाची, सगळीकडे सारख्या जाडीची नळी असते. चांगल्या फ्रेमला क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद वापरतात आणि नळी दोन्ही टोकांना जाड, मध्ये पातळ ठेवतात. कारण जोड टोकाला येतो, उष्णता टोकाला लागते, ताणही टोकाला जास्त. मधला पोटाचा भाग पातळ चालतो. इंग्लंडमध्ये रेनॉल्ड्स यांनी या पद्धतीचे पेटंट १८९७ सालीच घेतले होते. शंभरपेक्षा जास्त वर्षे झाली, तत्त्व तेच आहे: धातू सरसकट कमी करू नका, जेथे काम नाही तेथून काढा. भाकरी थापणाऱ्या बाईला हे वेगळे सांगावे लागत नाही. कड आणि मध्य कोठे किती ठेवायचा, हे तिचा हात जाणतो.

कार्बन सर्वांत हलके, पण त्याची ताकद धाग्याच्या दिशेने असते. आडवा मार किंवा पान्याने जास्त आवळणे त्याला सोसत नाही. म्हणून त्याचे नट-बोल्ट, पुष्कळदा ५ न्यूटन-मीटर एवढ्याच जोराने, मोजणाऱ्या पान्याने आवळतात. पडझड झाली तर आतले थर सुटतात आणि वरून रंग तसाच चकचकीत राहतो. जुनी कार्बनची सायकल स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पोलाद सहसा वाकून आधी सांगते. कार्बन एकदम तुटते.

आम्ही काय काय केले

वाण्याकडून काटा आणला. सायकल नटापर्यंत खोलली. प्रत्येक भागाखाली कागद आणि कागदावर वजन. बहीण दारात उभी राहून म्हणाली, “लग्नाच्या रुखवतासारखं मांडलंय की!” एकूण वजन भरले १५ किलो ८०० ग्रॅम.

पहिली पायरी फुकटाची. स्टँड, कॅरिअर आणि मडगार्ड काढले; १ किलो ५०० ग्रॅम उतरले. एक पैसा लागला नाही. हे भाग कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवले, कारण पावसाळ्यात मडगार्ड परत लागणारच.

दुसरी पायरी चाकांची. लोखंडी रिमच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या रिम आणि हलके टायर-ट्यूब घातले. १ किलो ३०० ग्रॅम गेले. दुकानात सांगतात की चाकाचा एक ग्रॅम म्हणजे इतर ठिकाणचे दोन ग्रॅम. यात अर्धेच सत्य आहे. सायकल थांबलेली असताना वेग घ्यायचा तर रिम पुढेही न्यावी लागते आणि फिरवावीही लागते, म्हणून तेव्हा ती दुप्पट मोजावी लागते. एकसारख्या वेगाने घाट चढताना मात्र चाकाचा ग्रॅम आणि सीटचा ग्रॅम सारखाच.

आपल्याकडच्या साध्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. शर्यतीच्या चाकांना वीस-चोवीसवरही भागते. आम्ही तो मोह टाळला. ऊसवाहतुकीच्या हंगामात रस्त्याची काय दशा होते ते सर्वांना ठाऊक आहे. टायरही अगदी सुतळीसारखे घेतले नाहीत. पूर्वी शर्यतीत २३ मिलिमीटरचे, दगडासारखे फुगवलेले टायर वापरत. आता मोठमोठे शर्यतपटूही २८ मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायर, कमी हवा भरून वापरतात. खडबडीत रस्त्यावर कडक टायर उड्या मारतो आणि त्या उड्यांत शक्ती वाया जाते, हे मोजून सिद्ध झाले आहे.

तिसरी पायरी क्रँकची. जुना कॉटर-पिनेचा लोखंडी क्रँक काढून अ‍ॅल्युमिनियमचा बसवला. ६०० ग्रॅम कमी. हँडल आणि त्याचा स्टेम बदलला, ३५० ग्रॅम. जाड गादीची सीट बदलली, ३२० ग्रॅम. पायडल बदलले; १५० ग्रॅम. हे भाग एकदम घेतले नाहीत. भाच्याच्या दुकानातल्या कमाईतून महिन्याला एक, कधी दोन. मोडलेल्या सीटच्या दांडीच्या जागी तेवढ्याच वजनाची नवी, भोके नसलेली दांडी घेतली.

चौथी पायरी लेथची, आमच्या आवडीची. हँडलखालच्या रिंगा, सीट आवळायचा पट्टा, चाकाचे नट, पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू, असे बारीकसारीक भाग चांगल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सळईतून स्वतः काढले. भाच्याने व्हर्निअर लावून मापे घेतली, चित्रे काढली. मी मशीनवर उभा राहिलो, मग तो उभा राहिला. अकरा संध्याकाळी गेल्या आणि वजन उतरले १४० ग्रॅम! किलोमागे वीस सेकंद या दराने हे झाले तीन सेकंदांपेक्षाही कमी. पण पोराला चुडीचे आटे पाडता आले, आणि ती विद्या त्याच्या पोटाला पुढे कामी येईल. हा लाभ काट्यावर येत नाही.

सारी बेरीज केली तर ४ किलो ३६० ग्रॅम उतरले. सायकल झाली ११ किलो ४४० ग्रॅमची. जगाच्या मानाने ही काही अतिहलकी सायकल नव्हे. जर्मनीच्या गुंटर माय नावाच्या हौशी माणसाने एकेक भाग निवडून, खास बनवून घेऊन सुमारे ३ किलो १०० ग्रॅमची रस्त्यावर चालणारी सायकल बांधली. पुढे ती अमेरिकेत गेली आणि तेथे आणखी छाटून २ किलो ७०० ग्रॅमवर आणली गेली. म्हणजे बाजारातून आणलेल्या बटाट्याच्या पिशवीएवढी! पण अशी सायकल अधिकृत शर्यतीत चालत नाही. जागतिक सायकल संघटनेने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीचे वजन किमान ६ किलो ८०० ग्रॅम हवे असा नियम लागू केला. हलकेपणाच्या चढाओढीत कोणी जिवाशी खेळू नये, हा त्यामागचा हेतू.

अंगाला बसणारी सायकल

हिशेब करता करता भाच्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. वजनाच्या पाठी लागून त्याने सीटची उंचीच कधी तपासली नव्हती. मापाला एक सोपी रीत आहे. भिंतीला पाठ लावून उभे राहावे, दोन पायांमध्ये वही धरून जमिनीपासूनची उंची मोजावी आणि तिला ०.८८३ ने गुणावे. क्रँकच्या आसापासून सीटच्या वरच्या भागापर्यंत साधारण तेवढे अंतर ठेवावे. भाच्याचे माप ८० सेंटिमीटर, म्हणून सीट हवी ७० सेंटिमीटर ६ मिलिमीटरवर. त्याची होती पाच सेंटिमीटर खाली. गुडघे का दुखतात, याचे उत्तर एका फुटपट्टीने मिळाले.

सायकल अंगाप्रमाणे करणे हे हलके करण्याहून मोठे काम आहे, याची साक्ष स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री याने दिली. सायकलीचे दुकान बुडालेले, हातात पैसा नाही. त्याने घरीच सायकल बांधली आणि तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग बसवले. छाती हातांवर टेकवून बसायची निराळीच पद्धत काढली. १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतील हामार येथे त्याने तासाला ५१ किलोमीटर ५९६ मीटरचा जागतिक विक्रम केला. आदल्याच दिवशी त्याचा प्रयत्न फसला होता. त्याची करामत बेअरिंगमध्ये नव्हती. हवेत स्वतःचे अंग कसे लहान करावे, हे त्याने हेरले यात होती.

त्याच्याही शंभर वर्षे आधी अमेरिकेत मेजर टेलर नावाचा काळा तरुण होऊन गेला. १८७८ साली इंडियानापोलिसला जन्मलेला हा मुलगा सायकलीच्या दुकानात झाडलोट करी आणि दुकानासमोर कसरती करून दाखवी. मंगर नावाच्या गोऱ्या सायकल-कारखानदाराने त्याचे गुण ओळखले. पण १८९४ साली त्या देशातील सायकलस्वारांच्या मोठ्या संस्थेने काळ्या माणसांना सभासदत्वाची दारे बंद केली होती. टेलरला शर्यतीत अडवले जाई, ढकलले जाई. तरीही १८९९ साली माँट्रिअलला तो एका मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला. हँडल पुढे-मागे सरकवून शरीराच्या मापाला जुळवता येईल अशी जोडणी तो वापरत असे, आणि तशा जोडणीला पुढे त्याचेच नाव पडले. १९३२ साली शिकागोत तो कफल्लक अवस्थेत वारला. ती दारबंदी औपचारिकपणे मागे घेतली गेली १९९९ साली. आपल्या वाचकांना या गोष्टीचा अर्थ निराळा उलगडून सांगायला नको. यंत्र माणसाची जात पाहत नाही. दार लावतात ती माणसे.

आपल्याकडेही उदाहरणे कमी नाहीत. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली एकट्याने पूर्ण केली. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्याची पूजा दानोळे हिने २०२० साली गुवाहाटीच्या खेलो इंडिया स्पर्धेत सायकलिंगमध्ये सुवर्णपदके जिंकली. मुलगी सायकल मागते म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

पालकांसाठी थोडे

शेवटी, ज्या घरात असा उत्साही मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगतो. सायकलीचे पाच भाग असे आहेत की ज्यांना घरी ड्रिल, कानस किंवा करवत कधीही लावू द्यायची नाही: पुढचा चिमटा, हँडल आणि त्याचा स्टेम, सीटची दांडी, क्रँक, आणि ब्रेक. हे मोडले तर माणूस सावरत नाही. हे भाग हलके हवे असतील तर चांगल्या कारखान्याचे तयार घ्यावेत किंवा आहे ते राहू द्यावेत. खर्च करायचाच तर आधी टायर, मग चाके, मग बाकीचे. हेल्मेटचे पाव किलो वजन कधीही वाचवू नये. महिन्यातून एकदा फडक्याने सायकल पुसावी. पुसताना बारीक चीर दिसते, धुळीखाली दिसत नाही. आणि नवा सुटा भाग घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा: किती ग्रॅम, किती रुपये, आणि मोडला तर काय?

सायकल पूर्ण झाली त्या रविवारी भाचा जोतिबाच्या डोंगरावर निघाला. जुन्या सायकलीवर तीन महिन्यांपूर्वी त्याच चढाला किती वेळ लागला, ते त्याने लिहून ठेवले होते. उतरलेल्या वजनाच्या हिशेबाने सुमारे दीड मिनिट वाचायला हवे होते. घड्याळात वाचली चार मिनिटे. आधी त्याला वाटले आपला हिशेब चुकला. मग हळूहळू उमगले की काही श्रेय टायरचे, काही सीटच्या उंचीचे आणि बरेचसे तीन महिने रोज पहाटे घातलेल्या पायांचे. आता त्याला क्रोम-मॉलिब्डेनमच्या नळ्या आणून, ब्रेझिंग करून स्वतःची फ्रेम बांधायची आहे. आणखी सव्वा किलो उतरेल म्हणतो. मी म्हटले, आधी भंगारातल्या नळ्यांवर पन्नास जोड करून दाखव, ते कापून बघू, मग नवी नळी आणू. तो कबूल झाला आहे.

त्या सकाळी तो निघताना बहिणीने लिटरची पाण्याची बाटली पुढे केली.

“एक किलो होतंय, आई,” तो कुरकुरला.

“हूं दे की. वीस सेकंदच जातील ना?” ती म्हणाली.

पोराने निमूटपणे बाटली पिंजऱ्यात अडकवली आणि पायडल मारले.